पुराचा हिशेब

संभाव्यता हा विषय दहावीच्या गणितांत आहे. पण नाणीं, फांसे आणि पत्ते यांपलीकडे तो सहसा जात नाहीं. महाड-पोलादपुरच्या मुलांस पत्त्यांची गरजच काय, असें आम्हांस नेहमीं वाटतें. त्यांच्या दाराशीं सावित्री आहे. २००५ च्या जुलैंत तिनें महाड बुडविलें, २०२१ च्या जुलैंत पुन्हां बुडविलें. "मोठा पूर येऊन गेला, आतां आपल्या हयातींत भीति नाहीं," हें वाक्य मधल्या काळांत आम्हीं पुष्कळदां ऐकलें होतें.

पोलादपुराकडील एका शाळेंत शिक्षकांनीं तेंच वाक्य फळ्यावर लिहिलें, तेव्हां आम्ही मागच्या बाकावर होतों. निम्मा वर्ग वाक्याच्या बाजूचा निघाला. कोणासहि न खोडतां त्यांनीं विचारलें, "पांचदां छापा पडला; सहाव्यांदा काय पडेल?" मग जी जुंपली! (गणिताच्या तासास एवढा गलका आमच्या महाविद्यालयांत होत नाहीं, ही खेदाचीच गोष्ट.) १६५४ सालीं पास्काल व फर्मा यांचा जुगारावरचा पत्रव्यवहार तरी दुसरें काय होता?

नंतर संगणक आला. दरसालची शक्यता शंभरांत एक धरून त्यानें तीस-तीस वर्षांचीं हजार महाडें मांडलीं. अडीचशेंच्या वर महाडांत निदान एकदां पूर आला. तीस-चाळीस ठिकाणीं दोनदां वा अधिक. वर्ग गप्प झाला.

इतक्यांत एक मुलगी उठली. "नाण्याला मागचं आठवत नाहीं, सर, पण आमच्याकडे रात्रभर कोसळला कीं महाडला पाणी चढतंच. मग नदी नाण्यासारखी कशी?" महाबळेश्वरास उगम पावून सावित्री पोलादपुरावरून महाडास जाते, एका रात्रींतला वरचा पाऊस आणि खालचा पूर हीं परस्परांपासून स्वतंत्र नव्हेत. आणि 'शंभरांत एक' हें यंत्रास सांगितलें कोणीं? सोळा वर्षांत दोनदां गांव बुडालें असतां तो आंकडाच संशयास्पद ठरतो, हेंहि मुलांनींच काढलें. पन्नासांत एक, विसांत एक असें घालून पाहतां पाहतां घंटा झाली.

यंत्र आधीं आणि वाद मागून, ही रीत आम्हांस पसंत नाहीं. ज्यानें आपला अंदाज मोठ्यानें बोलून दाखविला नाहीं, त्यास पडद्यावरील आंकडे ही नुसती करमणूक.

तास सुटल्यावर एक मुलगा घुटमळला. महाडच्या बाजारपेठेंत त्याच्या मामाचें दुकान. "सर, मामानं माल माळ्यावर कधीं चढवावा?"

"मामाला विचार," शिक्षक म्हणाले, "चढवायला माणसं किती लागतात, नि वेळ किती. उद्यां सांग, मग मांडूं."