गळती

गळती हा शब्द आम्हां शिक्षकांना नवा नाही. पावसाळ्यात वर्गाच्या छपराला लागते ती एक गळती. आणि जूनमध्ये पटावर असलेली नावे दिवाळीनंतर एकेक करून नाहीशी होतात, तीही गळतीच. पहिलीवर डांबर लावता येते. दुसरीवर काय लावावे, याची चर्चा मोठमोठ्या अहवालांपासून आमच्या शिक्षकांच्या खोलीपर्यंत सर्वत्र चालू असते. या शब्दाचा तिसरा अर्थ आम्हांला गेल्या वर्षी कळला, आणि तो एका मालमोटारीच्या इंजिनापाशी उभे राहून कळला.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्र म्हटले की आमची मजल सायकलच्या साखळीपर्यंत. परंतु हैदराबादेत राहणाऱ्या माणसाला मोटारवाहतुकीकडे पाठ फिरवून चालत नाही. १९३२ साली निजामाच्या रेल्वेखात्याने २७ बसगाड्यांनिशी येथे प्रवासी वाहतूक सुरू केली. १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन मराठवाड्याचे जिल्हे या राज्यातून गेले, तरी रस्ता होता तेथेच राहिला. पुण्याहून सोलापूर, उमरगे, जहीराबाद करीत येणारा आणि पुढे मछलीपट्टणपर्यंत जाणारा हा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ म्हणून ओळखला जातो. त्याच रस्त्याने महाराष्ट्राचा कांदा मलकपेठच्या बाजारात उतरतो, आणि त्याच रस्त्यावर आमच्या काही विद्यार्थ्यांच्या घरची चूल पेटते.

असाच एक विद्यार्थी दहावीच्या वर्गात होता. पंधरा दिवसांत सहा वेळा त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडली, तेव्हा आम्ही चौकशी केली. वडिलांची स्वतःची एक मालमोटार, कर्जाने घेतलेली. सोलापुराहून कांदा भरून निघाली की प्रत्येक खेपेस वाटेत इंजिन तापे. पाणी ओतावे, थोडे थांबावे, पुन्हा निघावे. दोनदा गाडी रात्रभर रस्त्यात राहिली. माल उशिरा पोचला, भाव पडला, हप्ता थकला. वाटेवरच्या एका कारागिराने सल्ला दिला होता की, "थर्मोस्टॅट काढूनच टाका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचे काय काम?" आणि वडिलांनी मनाशी ठरविले होते की, क्लीनरचा पगार वाचावा म्हणून मुलालाच बरोबर घ्यावे. दहावी पुढेही करता येईल, हप्ता पुढे ढकलता येत नाही, असा त्यांचा साधा हिशेब. त्या हिशेबाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून रविवारी आम्ही ऑटोनगरात, जेथे गाडी उभी होती तेथे, जाऊन पोचलो.

तेथील वृद्ध उस्तादांनी आमचे म्हणणे ऐकून घेतले, आणि थर्मोस्टॅट काढण्याची गोष्ट निघताच ते हसून म्हणाले, "बुखार आया बोलके हकीम कू घर से निकाल देते क्या, मास्टर साब?"

हा हकीम म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. डिझेल जळते तेव्हा निर्माण होणारी सगळी उष्णता चाके फिरविण्याच्या कामी येत नाही. तिचा स्थूलमानाने पाव ते तृतीयांश भाग इंजिनाभोवती खेळणारे पाणी उचलते आणि पुढच्या रेडिएटरमध्ये नेऊन वाऱ्यावर सोडते. परंतु सकाळी थंड इंजिन सुरू केल्याबरोबर पाणी रेडिएटरकडे धावू लागले, तर इंजिन लवकर तापणार नाही. इंधन नीट जळणार नाही, धूर वाढेल, झीज वाढेल. म्हणून वाटेवर एक झडप बसविलेली असते. तिच्या पोटात एका लहानशा पितळी डबीत मेण भरलेले असते. पाणी ८० अंश सेल्सिअसच्या वर गेले की मेण वितळू लागते, वितळताना फुगते, आणि त्या फुगण्याच्या जोराने झडप उघडते. पाणी निवले की मेण आकसते व स्प्रिंग झडप मिटविते. ना वीज, ना चालकाचा हात! अनेक मोठ्या इंजिनांत हीच झडप उघडताना पाण्याची जवळची आडवाट बंद करते. ती मुळीच काढून टाकली, तर आडवाट कायमची मोकळी राहते. बरेचसे तापलेले पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनातच फिरते, आणि ज्या तापावर उपाय म्हणून हकिमाला घालविले, तोच ताप वाढतो.

मग पाणी जात होते कोठे? गाडीखाली थेंबही दिसत नसे. उस्तादांनी थंड इंजिनाच्या रेडिएटरला हातपंप लावून दाब दिला आणि टॉर्च घेऊन ते वाकले. थर्मोस्टॅटच्या घराचे झाकण जेथे इंजिनाला मिळते, त्या सांध्यावर पांढुरकी खपली धरली होती आणि तिच्या कडेला एक थेंब हळूहळू आकार घेत होता. चालत्या गाडीत हा थेंब तापलेल्या लोखंडावर पडताक्षणीच वाफ होऊन जाई. डबके साचणार कसे? गळती होती, तिचा पुरावा मात्र उडून जात होता.

प्रश्न उरला तो झडपेचा. ती बिघडली असेल तर नवी घ्यावी लागणार. आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतील तापमापक परवानगीने बरोबर घेतला होता. तो येथे उपयोगी पडला. एका जुन्या डब्यात पाणी घेऊन स्टोव्हवर ठेवले. झडप तळाला टेकू नये म्हणून दोऱ्याने टांगली, तापमापक विद्यार्थ्याच्या हाती दिला, आणि त्याने प्रयोगवहीत लिहावे तसे आकडे कागदावर मांडले. ७० अंश, बंद. ८० अंश, बंद. ८३ अंश, केसाएवढी फट. ९५ अंश, पूर्ण उघडी. हकीम निर्दोष ठरला! पाणी खळखळून उकळू लागले तेव्हा पारा ९८ वरच थांबला. "सर, तापमापक चुकतो आहे," असे तो म्हणाला. तापमापक बरोबर होता. हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचावर आहे. येथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभराच्या आधीच उकळते. पाठ्यपुस्तकातील हे वाक्य त्याने अनेकदा पाठ केले असेल. त्या दिवशी ते डब्यातून वाफ होऊन वर आले. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते ते याचसाठी. प्रेशर कुकरप्रमाणे तेथेही पाणी शंभराच्या बरेच वर गेल्यावाचून उकळत नाही. तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये, याचे कारणही हेच. आतले पाणी दाब सुटताच उसळते आणि चेहरा भाजून काढते.

दोष सांध्याचा होता. वाटेत मिळेल ते बोअरचे दुष्फेन पाणी वर्षानुवर्षे ओतल्यामुळे अॅल्युमिनियमचा पृष्ठभाग खरवडला होता. त्यात कोणीतरी गळती थांबविण्यासाठी एकाच बाजूचा बोल्ट जोर लावून आवळला होता, त्यामुळे झाकण किंचित वाकले होते. उस्तादांनी सांध्याच्या पातळीखाली जाईल एवढे पाणी पातेल्यात काढले, जुने पॅकिंग खरवडून काढले, सपाट काचेवर पॉलिश पेपर अंथरून झाकण त्यावर गोल गोल घासले, आणि पोलादी पट्टी उभी धरून पट्टीखालून उजेड दिसत नाही ना, ते पाहिले. मग नवे पॅकिंग बसविले. बोल्ट आवळताना मात्र त्यांनी घाई केली नाही. एक थोडा, मग समोरचा थोडा, पुन्हा पहिला. "सब कू बराबर," एवढेच ते म्हणाले. शेवटी शुद्ध पाण्यात शीतक मिसळून भरले, आत अडकलेली हवा काढली आणि इंजिन तासभर चालू ठेवले. सांधा कोरडा राहिला. हे हिरवे शीतक चवीला गोड व अत्यंत विषारी असते, म्हणून पातेल्यातील एक थेंबही त्यांनी जमिनीवर सांडू दिला नाही.

त्या दुपारी तेथे पाण्याला चार नावे होती. उस्ताद 'गरम पानी' म्हणत, त्यांचा तेलुगू मदतनीस 'वेडि नीळ्ळु' म्हणे, विद्यार्थ्याचे वडील 'ऊन पाणी' म्हणत, आणि आमच्या मनात आमच्या कोंकणी घरातले 'हून उदक' येत होते. मेण मात्र कोणत्याही भाषेची वाट न पाहता ८३ अंशांवर उघडले.

एकूण खर्च एका खेपेच्या कमाईहून कमी आला. कांद्याचा भाव आणि कर्जाचा हप्ता यांना पॅकिंग बसविता येत नाही, हे आम्ही जाणतो. त्या घरची चिंता एका रविवारी मिटली असे आम्ही म्हणणार नाही. तथापि गाडी वाटेत थांबेनाशी झाली, वडिलांनी जुन्या क्लीनरला पुन्हा बोलाविले, आणि मुलगा मार्चमध्ये शालान्त परीक्षेस बसला.

विद्यार्थिमित्रहो, ज्याच्या घरी गाडी आहे त्याने दर आठवड्यास, इंजिन थंड असताना, पाण्याची पातळी पाहावी. डबके नाही म्हणून गळती नाही, असे समजू नये. आम्ही शिक्षकही आता हजेरीपत्रक निराळ्या नजरेने वाचतो. महिनाभर न येणारा मुलगा सर्वांच्या ध्यानी येतो. आठवड्यातून एक दिवस न येणाऱ्याची गैरहजेरी मात्र वाफेसारखी उडून जाते. अशा एका खुणेपाशी आम्ही आता बोट ठेवून थांबतो, आणि शाळा सुटल्यावर त्या घराची वाट विचारतो.