शेवटच्या चार फेऱ्या

डिसेंबर महिन्यातील एका रविवारची गोष्ट. पहाटेचे साडेचार वाजले होते. घरातील मंडळींची झोप मोडू नये म्हणून मी बूट हातात घेऊनच जिना उतरलो. समोरच दादरचे शिवाजी पार्क. रस्त्यावरचे दिवे अजून जळत होते आणि मैदानाच्या कडेचे मोठाले वृक्ष अंधारात निश्चल उभे होते. त्या दिवशी मला ३२ किलोमीटर धावायचे होते.

तुम्ही म्हणाल, एवढे धावण्याचे कारण काय? आजची मुंबई मॅरेथॉन ही शर्यत २००४ साली सुरू झाली. ती पाहण्यासाठी रस्त्याच्या कडेला मी अनेकदा उभा राहिलो होतो. येत्या जानेवारीत आपणही धावायचे, असा त्या वर्षी मी निश्चय केला. मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. एवढा पल्ला एकाएकी गाठता येत नाही. म्हणून गेले कित्येक महिने दर रविवारी मी थोडे थोडे अंतर वाढवीत होतो. प्रथम दहा किलोमीटर, मग पंधरा, पुढे वीस. शर्यतीपूर्वी तीन-चार आठवडे एकदा तीस-बत्तीस किलोमीटर धावावे आणि नंतर श्रम कमी करीत जावे, अशी रीत आहे. सरावातच पुरी मॅरेथॉन धावले, तर शरीर इतके शिणते की शर्यतीच्या दिवशी त्यात त्राण उरत नाही.

हे धावणे सावकाश करावयाचे असते. सोबत्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावयाचा. अशा सरावाने हृदय एकेका ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते, स्नायूंतील बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि शरीर आपली शक्ती काटकसरीने खर्च करावयास शिकते.

मी मनाशी हिशेब केला होता. शिवाजी पार्कपासून नरिमन पॉइंटपर्यंत जाऊन परत यावयाचे. हे झाले सुमारे २७ किलोमीटर. मग शिवाजी पार्कला चार फेऱ्या. एक फेरी सुमारे सव्वा किलोमीटरची. म्हणजे ३२ किलोमीटर पुरे!

जातानाचा प्रवास फारच सुखाचा झाला. रस्त्याच्या कडेला वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडून मुले त्यांच्या घड्या लावीत होती. दूधवाल्यांच्या सायकली घंटा वाजवीत जवळून जात होत्या. हाजीअलीपाशी समुद्राचा खारा वारा अंगावर आला. पेडर रोडचा चढ केव्हा चढलो, ते कळलेही नाही. मरीन ड्राइव्हवर दिव्यांची ती प्रसिद्ध कमान दूरवर लुकलुकत होती. नरिमन पॉइंटला पोहोचलो तेव्हा झुंजुमुंजू झाले होते. मी दोन घोट साखर-मिठाचे पाणी प्यालो आणि मागे वळलो.

परतीच्या वाटेवर मात्र रस्त्याने आपले रूप पालटले. पेडर रोडचा तोच चढ आता डोंगरासारखा वाटू लागला. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो. दीर्घकाळ धावल्यावर तो आटत जातो आणि मग पाय जणू दुसऱ्याचेच असावेत, असे वाटते. धावपटू या अवस्थेला ‘भिंत’ म्हणतात. वरळी मागे पडली तेव्हा ती भिंत मला दिसू लागली होती.

शिवाजी पार्कला पोहोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. पाय आपोआपच थांबले. कट्ट्यावर एक वृद्ध गृहस्थ रोजच्याप्रमाणे बसले होते. आमची ओळख केवळ पाहण्यातली. त्यांनी हसून विचारले, “काय हो, झाले का धावणे?”

“हो आजोबा, झाले,” मी म्हणालो.

शब्द तोंडातून गेले आणि मी घराकडे वळलो. वरून चहाचा वास येत होता. चार फेऱ्या राहिल्या, हे कोणाला कळणार होते? मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवले आणि मला एकाएकी दोरांदो पिएत्रीची आठवण झाली.

१९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये हा इटलीचा धावपटू मॅरेथॉनमध्ये सर्वांच्या आधी क्रीडांगणात शिरला. शेवटचे थोडेसे अंतर उरले होते. परंतु थकव्याने त्याचे भान हरपले. तो चुकीच्या दिशेला वळला, पुन्हापुन्हा खाली कोसळला. अखेर पंचांनी त्याला हात देऊन अंतिम रेषेपार नेले. दुसऱ्याची मदत झाली म्हणून त्याचा विजय रद्द झाला आणि सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळाले. त्या शर्यतीचे अंतर होते ४२ किलोमीटर १९५ मीटर. तेच पुढे १९२१ साली मॅरेथॉनचे अंतर म्हणून कायम झाले.

पिएत्री बिचारा बेशुद्ध होऊन पडला होता. मी तर चांगला शुद्धीवर असून थांबलो होतो. वर खोटेही बोललो होतो!

मी पायरीवरून पाऊल मागे घेतले. कट्ट्यापाशी येऊन म्हणालो, “आजोबा, मघाशी मी खोटे बोललो. अजून चार फेऱ्या बाकी आहेत.”

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मग उभे का? मी मोजतो.”

मी निघालो. गुडघे कुरकुरत होते, घाम डोळ्यांत उतरत होता. चालण्यापेक्षा फारसा वेगही नव्हता. पहिली फेरी पुरी झाली तेव्हा आजोबांनी तीन बोटे वर केली. दुसरी झाली तेव्हा दोन. तिसरी संपवून आलो, तो कट्ट्यावरची त्यांची जागा रिकामी! ऊन चढले होते. ते घरी गेले असावेत.

आता मोजणारे कोणी नव्हते. घर तेथेच समोर होते. मी एकवार त्या रिकाम्या जागेकडे पाहिले आणि चौथ्या फेरीस लागलो. ती फेरी सर्वांत मंद झाली. पण पुरी झाली.

जानेवारीत मी शर्यत पार पाडली. पेडर रोडचा चढ तेव्हाही तितकाच उभा होता; मात्र ‘थांबावे’ असे मन म्हणू लागले की त्याला काय उत्तर द्यावे, हे आता मला ठाऊक होते.

त्या डिसेंबरच्या पुढच्याच रविवारी आजोबा कट्ट्यावर भेटले होते. म्हणाले, “त्या दिवशी मला लवकर जावे लागले. चौथी फेरी झाली का?”

“हो आजोबा, झाली,” मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि वर्तमानपत्र उघडले.