साचा आणि सांचा

मराठीत आपण ‘साचा’ म्हणतो, उर्दूत ‘सांचा’. दोन्ही भाषा शिकवताना असे बरेच शब्द भेटतात, एका अनुस्वाराच्या अंतरावर राहणारे शेजारी. पण आमच्या मोहल्ल्यात हा शब्द पुस्तकातला नाही. इथे साचा म्हणजे गाडीच्या बंपरवरून उतरवलेला फायबरचा खोलगट ठसा. तो गच्चीवर उन्हात पडलेला असतो आणि खालून जाणारी मुलं त्याला होडी म्हणतात.

माझा एक जुना विद्यार्थी गाड्यांचे बंपर, स्कर्ट आणि स्पॉयलर घरीच बनवतो. नववीनंतर त्याची शाळा सुटली. वडील डेंटर, त्यामुळे हात आधीपासूनच वळणदार. ज्या गाडीचे भाग आता बाजारात मिळत नाहीत किंवा नवे परवडत नाहीत, तिचे मालक त्याला शोधत येतात. मोहल्ल्यात मात्र त्याची ओळख अजूनही ‘शिकला नाही तो’ अशीच आहे.

एका रविवारी मी त्याचं काम बघत बसलो. आधी साच्याला आतून मेणाचे थर. प्रत्येक थर पुसून चकचकीत करायचा, नाहीतर माल साच्यालाच चिकटून बसतो. मग जेलकोट, म्हणजे बाहेरून दिसणारी गुळगुळीत कातडी. तो थोडा चिकट झाला की काचेच्या तंतूंची मॅट अंथरायची, ब्रशने रेझिन पाजायचं आणि रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. बुडबुडा राहिला तर तिथेच पुढे तडा जातो. नवा आकार घडवायचा असेल तर आधी फोम कोरावा लागतो. मी म्हटलं, ‘थर्मोकोल स्वस्त पडेल की.’ तो हसला. ‘सर, रेझिन थर्मोकोलला खाऊन टाकतं. त्याला पीयू फोमच लागतो.’

खरी परीक्षा हार्डनरची. रेझिनच्या वजनाच्या साधारण एक ते दोन टक्के, म्हणजे एका किलोला दहा ते वीस ग्रॅम. उन्हाळ्यात कमी, थंडीत थोडा जास्त. जास्त पडला तर डब्यातच रेझिन तापून दगड होतं, कमी पडला तर माल दिवसभर चिकट राहतो. आपल्या गणितात टक्केवारी नफा-तोट्यापाशी आणि व्याजापाशी थांबते. इथे ती हाताला चटका देते. हा मुलगा ती अंदाजाने, झाकणाने मोजत होता. डब्यावरची सूचना इंग्रजीत, आणि ती वाचून दाखवणारं कोणी नाही.

त्या सूचनेत एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. रेझिन लवकर आवळावं म्हणून जांभळं कोबाल्ट घालतात. कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकत्र करायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. हे डबे जिन्याखाली शेजारी-शेजारी ठेवलेले होते आणि त्याच जिन्यावर त्याची तीन वर्षांची मुलगी खेळत होती. त्याची अम्मी म्हणाली, ‘सर, तुम्हीच सांगा याला. पोरगी रात्रभर खोकते.’ खोकला कशाचा ते डॉक्टर सांगतील. पण रेझिनमधल्या स्टायरीनचा वास खाली स्वयंपाकघरापर्यंत येत होता, हे कळायला डॉक्टर लागत नाही.

मी त्याला भाषण दिलं नाही. एका पुठ्ठ्यावर तक्ता लिहिला, एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी: अर्धा किलो, एक किलो, दोन किलो रेझिनला किती ग्रॅम हार्डनर. खाली लाल अक्षरात कोबाल्टचा इशारा. त्याने ग्रॅमचा काटा आणला. तोंडाला रुमाल बांधायचा, तिथे वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्क आला. घासकामाची धूळ उडू नये म्हणून पाणी लावून पेपर मारू लागला. आणि महिन्याभरात मामूंच्या मोकळ्या जागेत तीन बाजूंनी उघडी पत्र्याची शेड उभी राहिली. भाडं नाही, पण रोजचे चार किलोमीटर वाढले. त्याबद्दल तो आजही कुरकुरतो.

हे काम हलकं समजणाऱ्यांना मी दोन गाड्यांची नावं सांगतो. १९५३ साली अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेट फायबरग्लासच्या बॉडीत आली, पहिल्या वर्षी जेमतेम तीनशे आणि त्याही बऱ्याचशा हातानेच जोडलेल्या. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात बंगळुरूच्या सिपानी कंपनीने डॉल्फिन काढली, तिचीही बॉडी फायबरचीच.

त्याला मी कायदाही वाचून दाखवला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ मापांपेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. म्हणून तो आता गिऱ्हाइकाला आधीच विचारतो, आणि बंपरमागची लोखंडी पट्टी काढायला साफ नकार देतो. धडक तीच सोसते, फायबर नाही.

आपल्या वस्त्यांत असे हात पुष्कळ आहेत. हुनर त्यांच्याकडे आहेच. त्यांना हवा आहे तो आपल्या भाषेत लिहिलेला एक तक्ता, एक मास्क, आणि आयटीआयचा फॉर्म भरताना शेजारी बसणारं कोणीतरी. बीएड करताना आम्हाला धडा कसा शिकवायचा ते शिकवलं. तो धडा शाळा सुटलेल्या मुलापर्यंत नेणं आपल्यातल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला जमण्यासारखं आहे. तुमच्या गल्लीत रेझिनचा वास येत असेल, तर नाक मुरडून पुढे जाऊ नका. एकदा वर जाऊन डब्यावरची अक्षरं त्याला वाचून दाखवा.