आग्र्याचा किल्ला आणि एका लेकीची आठ वर्षं

आग्र्याला गेलं की सगळ्यांची धाव ताजमहालाकडे. ताज पाहायचा, पेठ्याचे पुडे बांधून घ्यायचे आणि परतीची गाडी गाठायची! पण मैत्रिणींनो, तुम्ही जाल तेव्हा तिथल्या किल्ल्यासाठी निदान तीन तास राखून ठेवा. ताज बघून डोळे निवतात. किल्ला बघून मन भरून येतं.

अकबराने १५६५ ते १५७३ या काळात तांबड्या दगडात बांधलेला हा किल्ला. तटाचा घेर सुमारे अडीच किलोमीटर आणि भिंती सत्तर फूट उंच! मोठा भाग लष्कराकडे असल्याने आपल्याला अमरसिंह दरवाजाने आत जावं लागतं. दरवाजाबाहेरच शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. परमुलखात तो पाहिला की आपली मान आपोआप ताठ होते.

आत अकबराचा लाल दगड संपतो आणि शहाजहानचा पांढरा संगमरवर सुरू होतो. काय ती नाजूक जाळी, काय ती रंगीत खड्यांची वेलबुट्टी! पण याच महालांत बांधणाऱ्यालाच कैद भोगावी लागली. १६५८ मध्ये सामूगढची लढाई जिंकून औरंगजेब आग्र्यावर आला. बाप किल्ल्याचे दरवाजे उघडीना, तेव्हा मुलाने यमुनेचं पाणी तोडलं. विहिरींचं खारट पाणी पिऊन किती दिवस निघणार? उन्हाळ्याचे दिवस, घरात दोन दिवस नळाला पाणी नसलं तर आपली काय गत होते, आठवा! म्हाताऱ्या बादशहाने हार पत्करली. पुढच्याच वर्षी त्याच्या लाडक्या दाराला ठार मारण्यात आलं.

आता जहाँआराची गोष्ट सांगते. ही शहाजहानची थोरली लेक. मुमताज १६३१ मध्ये बऱ्हाणपूरला बाळंतपणात गेली, तेव्हा ही अवघी सतरा वर्षांची. आईच्या मागे ‘पादशाह बेगम’ म्हणून सगळा जनाना तिने सांभाळला. दिल्लीचा चांदणी चौकही तिनेच वसवला. बाप कैदेत पडला तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. मनात आणलं असतं तर विजयी भावाच्या पदरी सुखात राहिली असती. पण ती बापाजवळ राहिली, एकदोन नव्हे, जवळजवळ आठ वर्षं!

मुसम्मन बुरूज हा अष्टकोनी सज्जा नदीच्या बाजूला आहे. शहाजहानचे अखेरचे दिवस तिथे गेले, असं सांगतात. तिथून ताज दिसतो. आईची कबर समोर आणि खंगत चाललेला बाप शेजारी. त्या लेकीने मनात काय काय साठवलं असेल! घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं दुखणं जिने काढलंय तिला हे वेगळं सांगायला नको.

१६६६ च्या सुरुवातीला शहाजहान गेला. त्यानंतर चारच महिन्यांनी, १२ मे १६६६ रोजी, औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दरबारात महाराज याच किल्ल्यात उभे राहिले आणि अपमान होताच पाठ फिरवून निघाले. शाळेत मुलं मला हमखास विचारतात, “बाई, पेटारे किल्ल्यातूनच निघाले ना?” नाही हो! महाराजांवर पहारा होता तो शहरातल्या त्यांच्या मुक्कामाच्या जागी. किल्ल्यात घडला तो दरबाराचा प्रसंग. मुलांना घेऊन जाल तेव्हा हे तिथेच उभं राहून सांगा, जन्मात विसरणार नाहीत.

सकाळी लवकर जा. दुपारी दगड तापतो आणि चालणंही खूप आहे. पायांत सपाट चपला आणि पिशवीत पाण्याची बाटली हवीच.

आणि पुढे दिल्लीला जाणार असाल तर निजामुद्दीनच्या दर्ग्यात जहाँआराची कबर जरूर पाहा. १६८१ मध्ये ती गेली. बापाने आईसाठी ताज उभारला, पण लेकीच्या कबरीवर छत नाही. वर उघडं आभाळ आणि मातीवर उगवलेलं हिरवं गवत, एवढंच.