किल्ली

चौक म्हटलें कीं पुण्यामुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढें चार रस्ते, एक पुतळा आणि एक पोलीस उभा राहतो. म्हणून ‘चौकांत गाडी बिघडली आहे’ असें मीं घरीं कळविलें, तेव्हां ‘कोणत्या चौकांत?’ हा प्रश्न येणें अपरिहार्यच होतें. पनवेलहून जुन्या रस्त्यानें खोपोलीकडे जातांना जेथें कर्जतचा फांटा फुटतो, त्या खालापूर तालुक्यांतल्या गांवाचें नांवच चौक आहे, हें समजावून सांगण्यांत माझीं पांच मिनिटें गेलीं.

गाडी अण्णांची, पंधरा वर्षांची. आणि अण्णा स्वतः एक्याऐंशी वर्षांचे. दोघांपैकीं आधीं कोणाला निवृत्त करावयाचें, हा आमच्या घरांतला जुना वाद आहे. या प्रवासांत, पुण्यास पोंचण्यापूर्वीं, अण्णांकडून गाडीची किल्ली कायमची मागून घ्यावी, ही कामगिरी भावंडांनीं माझ्यावर सोंपविली होती. निमित्तहि तयार होतें. महिनाभर स्टिअरिंग वळवितांना बॉनेटखालून एक बारीक, केंकाटल्यासारखा आवाज येत असे. शेजारपाजारचीं माणसें तो ऐकून खिडकींत येत. अण्णांना मात्र त्याचा पत्ता नव्हता. उंच पट्टीचे स्वर म्हातारपणीं कानांस प्रथम दुरावतात. “कसला आवाज?” असें ते विचारीत आणि आम्ही एकमेकांकडे पाहत असूं. ज्याला आपल्या गाडीचें रडणें ऐकूं येत नाहीं त्यानें ती हांकूं नये, हें वाक्य मीं पनवेलपर्यंत मनांत तीन वेळां घोळून ठेविलें होतें.

मुंबईच्या एका बड्या गॅरेजनें बॉनेट उघडून पांच मिनिटें आंत पाहिलें आणि पंपच बदलावा लागेल म्हणून अठरा हजारांचा आंकडा कागदावर लिहून दिला. तो कागद माझ्या खिशांत होता. चौकाशीं आवाज असह्य झाला, तेव्हां मीं अण्णांना गाडी बाजूस घ्यावयास लाविली.

पत्र्याच्या छपराखालीं एक तरुण मिस्त्री बसला होता. समोर इर्शाळगडाचा सुळका उभा होता. एके काळीं या सुळक्याकडे आणि त्याच्या नेढ्याकडे आम्ही मौजेनें बोट दाखवीत असूं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं त्याच्या कुशींतली ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखालीं गाडली गेली, तेव्हांपासून तिकडे नुसतें दृश्य म्हणून पाहवत नाहीं.

मिस्त्रीनें प्रथम इंजिनाच्या पट्ट्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. पट्टा घसरत असेल तर पाण्यानें त्याचा सूर पालटतो; येथें तो तसाच राहिला. मग त्यानें तेलाच्या डब्याचें झांकण काढून मला आंत पाहावयास सांगितलें. ताक घुसळतांना यावा तसा फेस आला होता. “पण गाडीखालीं तेलाचा एक थेंब नाहीं,” मी अधिकारवाणीनें म्हणालों. तो हंसला. “तेल भायेर येत नाय सायेब, हवा आत जातेय.”

मला हें नवीन होतें. डब्यांतून पंपाकडे जाणारी रबरी नळी दाबाची नव्हे, शोषणाची. तिला केसाएवढी चीर पडली तर तेल गळलेंच पाहिजे असें नाहीं. चालता पंप त्या चिरेंतून हवा ओढून घेतो. तेल दाबलें जात नाहीं, हवा दाबली जाते. त्यामुळें पंप ओरडतो आणि चालकाला मिळणारी मदत तुटक तुटक मिळूं लागते. मिस्त्रीनें इंजिन चालू ठेवून नळीच्या तोंडाशीं थोडें तेल सोडलें. क्षणभर आवाज थांबला! तेलानें चीर बुजली होती. अठरा हजारांचा कागद माझ्या खिशांत उगाच चुरगळला गेला.

“आजोबा,” मिस्त्रीनें विचारलें, “वळवताना मधीच अडकल्यावानी होतंय का?”

“होतें,” अण्णा म्हणाले. “महिना झाला. अर्ध्या वळणावर हात थबकतात. मला वाटलें, मनगटांतलीच शक्ति चालली. म्हणून कोणाला बोललों नाहीं.”

रोज सकाळीं अण्णा गॅलरींत बसून रबराचा एक चेंडू दाबीत असत. तो सांधेदुखीवरचा कांहींतरी उपाय असावा, अशी आमची समजूत होती. आम्हांस जें कानांनीं कळलें होतें, तें त्यांना हातांनीं कळलें होतें. फक्त त्यांनीं दोष स्वतःकडे घेतला.

पुढचें काम थोडक्यांत झालें. नळीचें कडक झालेलें टोंक बोटभर कापून तिला नवी क्लिप बसविली, आणि तेल बदललें. मग जॅकवर पुढचीं चाकें उचलून, इंजिन बंद ठेवून, मिस्त्रीनें अण्णांनाच स्टिअरिंग या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सावकाश फिरवावयास सांगितलें. डब्यांत बुडबुडे येत, तेल खालीं जाई, मिस्त्री भर घाली. अण्णा मोठ्यानें आंकडे मोजीत होते. वीस झाले तरी ते थांबेनात. “टोकाला दाबून धरू नका,” एवढेंच मिस्त्रीनें बजावलें. तेथें दाब पराकाष्ठेचा होतो आणि तेल तापतें.

फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्यानें १९२६ सालींच तेलाच्या दाबानें वळणारी मोटार करून दाखविली होती. बाजारांतल्या मोटारींत ती सोय येण्यास १९५१ साल उजाडलें. अण्णांनीं हें ऐकून घेतलें आणि आपण पहिली अँबॅसिडर केवळ दंडांच्या बळावर वळवीत होतों, हें मिस्त्रीला सांगितलें. मिस्त्रीनें सातशें रुपये घेतले.

खोपोलीपर्यंत अण्णांनींच गाडी चालविली. वळणावर ते मुद्दाम एका बोटानें स्टिअरिंग फिरवून माझ्याकडे पाहत. माझें घोळून ठेविलेलें वाक्य मी विसरलों नव्हतों, पण तें तोंडांतून निघेना. घाटाच्या पायथ्याशीं चहासाठीं थांबलों, तेव्हां त्यांनीं किल्ली माझ्यापुढें ठेविली.

“घाट तूं चढव,” ते म्हणाले. “हात ठीक आहेत. पण मागच्यांचे भोंगे मला ऐकूं येत नाहींत.”

पुण्यास पोंचल्यावर मीं किल्ली त्यांच्या चष्म्याशेजारीं ठेवून दिली. भावंडांना काय कळवावयाचें, तें अजून ठरलेलें नाहीं.