प्रतिपक्षाने जपलेला चार्वाक

१. शालेय वक्तृत्वस्पर्धेत ‘कर्ज काढून तूप पिणारा चार्वाक’ अशी टर उडवून मी टाळ्या मिळवल्या होत्या. त्या मताचा मूळ सूत्रग्रंथच लुप्त आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

२. मित्रहो, मग ते मत कळते कसे? विरोधकांच्या ग्रंथांतून! खंडनापूर्वी पूर्वपक्ष मांडावाच लागतो. ग्रीक हेराक्लिटसचा ग्रंथही हरवला. पण पाखंडखंडन करणाऱ्या ख्रिस्ती हिप्पोलिटसने त्याची कित्येक वचने उद्धृत केली, म्हणून ती उरली. अशी विखुरलेली वचने हेर्मान डील्स यांनी १९०३ साली एकत्र प्रसिद्ध केली.

३. आपल्याकडे सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलक’ (इ.स. ९५९) या जैन चंपूकाव्यात चार्वाकमताचाही परामर्श आहे. त्यावरील कृष्णकांत हंदिकी यांचा इंग्रजी ग्रंथ १९४९ साली आमच्या सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने प्रकाशित केला. तो वाचताना मला माझे भाषण आठवले आणि मी तो श्लोक शोधू लागलो.

४. तुपाची ओळ चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त सापडली. परंतु नवव्या शतकातील जयंत भट्टांच्या ‘न्यायमंजरी’त त्याच श्लोकात ना कर्ज, ना तूप; सुखाने जगावे, मृत्यूपासून कोणीच सुटत नाही, एवढेच. खुद्द ‘सर्वदर्शनसंग्रहा’च्या आरंभीही हाच आशय आहे.

५. विरोधकाने मत जपले, हे त्याचे ऋण; पण त्याची साक्ष एकट्याने ग्राह्य धरू नये. मी तीच धरली आणि ज्याला उत्तर देता येत नव्हते, त्याच्यावर बक्षीस मिळवले.