दात आपणच दाखवायचे

घर घेण्याबद्दल सल्ला देणारे पायलीला पन्नास मिळतात. घर विकण्याबद्दल, त्यातही बाजार थंड असताना विकण्याबद्दल, कुणी फारसं बोलत नाही. २०२५ चे आमचे जवळजवळ सगळे वीकांत याच उद्योगात गेले. त्यातून जे कळलं ते लिहून ठेवतोय, कुणाच्या तरी कामाला येईल.

तर घर म्हणजे आसनगावचं रो-हाऊस. बाबांनी २०१३ साली निवृत्तीच्या पैशातून २१ लाखांना घेतलेलं. खाली हॉल आणि किचन, वर दोन खोल्या, मागे पेरूचं झाड, गच्चीवरून माहुलीचे सुळके. बाबांचा जीव की प्राण. पण झोपायच्या खोल्या वर, जिना अरुंद, आणि आईचे दोन्ही गुडघे बदलायला डॉक्टरांनी सांगितलेलं. आमच्याजवळ कल्याणात लिफ्ट असलेला फ्लॅट घ्यायचा तर आसनगाव विकणं भाग होतं. "बघू, चांगला भाव आला की देऊ" ही चैन आमच्याकडे नव्हती.

आता बाजाराचं सांगतो. २०२० च्या लॉकडाऊननंतर मुंबईकरांना अचानक हिरवळीची ओढ लागली. त्यात सरकारने सप्टेंबर २०२० पासून मार्च २०२१ पर्यंत मुद्रांक शुल्क कमी केलं. शहापूर-मुरबाडकडे गाड्यांची रीघ लागली. मग ऑफिसं उघडली आणि ओढ ओसरली. तरी सगळे म्हणायचे, "समृद्धी सुरू होऊ द्या, मग बघा!" इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. आम्ही बघितलं. गाड्या आमच्या तालुक्यातून भन्नाट वेगाने पुढे निघून जातात, घर घ्यायला कुणी उतरत नाही :)

एजंटने जाहिरात दिली ती ठरलेल्या साच्यातली. निसर्गाच्या कुशीत, स्वप्नातलं घर वगैरे. पाच महिन्यांत चौदा जण बघून गेले. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, लॉग ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. एक्सेलमध्ये प्रत्येकाची नोंद: कुठून आला, पहिला प्रश्न काय विचारला, 'नाही' का म्हणाला. 'विचार करून कळवतो' हे कारण धरायचं नाही, आठवड्याने फोन करून खरं कारण काढायचं.

चौदा नकारांचा हिशोब असा. पाणी: सहा. बँक कर्ज देईल का: चार. रात्री शेवटच्या लोकलनंतर रिक्षा मिळते का: तीन. आणि एकाला दरवाजा दक्षिणेला असल्याचं खटकलं. त्याला इलाज नाही. भावाचं नाव एकानेही पहिल्यांदा काढलं नव्हतं. दुसरी गंमत, मुंबई-ठाण्याहून आलेले अकरा जण परत फिरकले नाहीत. शहापूर-वासिंदकडचे तिघे मात्र दोनदा येऊन गेले होते.

हा कागद मी मुरबाडच्या मामाला दाखवला. मामाचं सगळं आयुष्य मुरबाडात गेलं. तिथे अजून रेल्वे नाही, त्यामुळे तिथे घर घेणारा माणूस बहुतेक तिथलाच: एमआयडीसीतला कामगार, शिक्षक, नाहीतर दुकानदार. मामा म्हणाला, "अरे, म्हसाच्या यात्रेत बैल विकताना बघितलंस ना? घेणारा बैलाचं तोंड उघडायच्या आधी शहाणा शेतकरी स्वतःच उघडून दाखवतो. दोनदाती की चारदाती, खूर कसा, खोड काय. मग रुमालाखाली बोटं लावायची. दात लपवलेस तर गिऱ्हाईक बैल सोडून तुझ्याकडेच संशयाने बघतं."

मग आम्ही दात दाखवायला सुरुवात केली.

पाण्याचं आधी. तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात, पाणी पितं मुंबई, आणि इथल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, लपवून काय उपयोग? सोसायटीकडून तीन उन्हाळ्यांच्या टँकरच्या पावत्या घेतल्या आणि फाईलला लावल्या. मे महिन्यात महिन्याला किती खर्च येतो तो आकडा समोर. 'पाणी भरपूर आहे' यापेक्षा त्या पावत्यांवर लोकांचा जास्त विश्वास बसला.

मग कागद. इंडेक्स टू, सातबारा, बिनशेतीचा आदेश, फेरफार, घरपट्टी, वीजबिल, सोसायटीचा ना हरकत दाखला, शिवाय वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल. ठाणे जिल्ह्यात आदिवासी जमिनींचे हस्तांतर आणि १९७५ च्या कायद्याखालची खाजगी वनं हे दोन प्रश्न बँकेचा वकील विचारणारच, म्हणून त्यांची उत्तरं आधीच लिहून घेतली. वकिलाची फी आम्ही भरली. कर्ज घेणाऱ्याची निम्मी धाकधूक तिथेच संपते.

शेवटी भाव. बाबा ३८ लाखांवर अडून होते, कारण २०२१ मध्ये शेजारच्याने तेवढे सांगितले होते. सांगितले होते! नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आमच्याच संकुलातल्या व्यवहारांचे इंडेक्स टू काढले. ३० ते ३३. बाबा ते आकडे बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझी बारा वर्षं वाया गेली म्हण ना." यावर एक्सेलमध्ये उत्तर नसतं. आई तेवढी म्हणाली, "बारा वर्षं राहिलो की आपण तिथे. भाडं धरा त्याचं." विषय तिथे मिटला.

नवीन जाहिरात एका पानाची. स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात आणि शहापुरात दोन-चार ठिकाणी लावली. 'मे महिन्यात पाणी दिवसाआड. ५००० लिटरची टाकी. कल्याण लोकलने साधारण पाऊण तास. रात्री उशिरा रिक्षा मिळेलच असं नाही. कागद तयार. ३३ लाख, बोलता येईल.'

तीन आठवड्यांत चार फोन, सगळे जवळपासचे. घेतलं ते एका जिल्हा परिषद शिक्षिकेने. नवरा कल्याणला नोकरीला, दहा वर्षं शहापुरात भाड्याने. तिला माहुलीचं कौतुक नव्हतं, रोजच बघते. पावत्या मात्र तिने एकेक वाचल्या. साडेएकतीसला ठरलं. खरेदी तिच्या नावावर, म्हणजे महिलांसाठीची मुद्रांक शुल्कातली एक टक्क्याची सवलतही मिळाली.

एक हिशोब सांगायचा राहिला. आयकराच्या महागाई निर्देशांकाने २०१३-१४ चे २१ लाख २०२५-२६ मध्ये जवळपास ३६ लाख होतात. म्हणजे साडेदहा लाख 'नफा' होऊनही आपण तोट्यातच. जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला निर्देशांकाचा पर्याय ठेवलेला आहे, त्यामुळे कर शून्य, एवढंच समाधान. घर म्हणजे हमखास गुंतवणूक असं कुणी म्हणालं तर हा हिशोब त्याला जरूर करून दाखवा.

आईचा एक गुडघा झालाय, दुसरा पावसाळ्याआधी. बाबा सध्या कल्याणच्या गॅलरीत कुंडीत पेरू लावायच्या खटपटीत आहेत. येणार नाही हे त्यांनाही माहीत आहे.

असो. तुमचं विकायचं असेल तर रंग नंतर काढा. आधी नकारांची यादी करा.